ओला चुना

चौदा वर्षं मराठी मंडळींना परदेशात फिरवतोय. इजिप्त तर पाठ झालाय: पिरॅमिड, संग्रहालय, पपायरसचं दुकान, नाइलवरचं जेवण आणि पाचव्या दिवशी कुणाचं तरी बिघडलेलं पोट. त्या दिवशी मात्र कैरोत कुणा बड्या पाहुण्यासाठी किल्ल्याकडचे रस्तेच बंद होते. बसमध्ये छत्तीस माणसं आणि मागच्या सीटवरून सूर लागलेला, "पैसे घेतलेत तर दाखवा की काहीतरी." आमची इजिप्शियन गाइड म्हणाली, इब्न तुलूनची मशीद इथून जवळ आहे, तिथे उतरू.

आमच्या कार्यक्रमात ही मशीद नसते. झुंबरं नाहीत, गालिच्यांचा थाट नाही, फोटोत काही उठून दिसत नाही. दारात बुटांवर कापडी पिशव्या बांधून घेतल्या, बक्षिसीवरून नेहमीची घासाघीस झाली आणि आम्ही आत गेलो. आत नुसतं अंगण. एका बाजूला सुमारे ब्याण्णव मीटर, चारही बाजूंनी टोकदार कमानींच्या ओवऱ्या, मधे घुमटाखाली वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायची जागा. बाहेर हॉर्नचा गदारोळ आणि आत पारव्यांचा आवाज.

मी नेहमीची कॅसेट लावली. अहमद इब्न तुलून, बाप तुर्की गुलाम सैनिक, स्वतः वाढला इराकमधल्या सामर्रात. 868 मध्ये अब्बासी खलिफांच्या वतीने इजिप्तचा कारभार बघायला आला आणि जवळजवळ स्वतंत्र राजाच होऊन बसला. अल-कताई नावाचं नवं शहर वसवलं आणि 876 ते 879 या काळात ही मशीद बांधली. पुढे 905 मध्ये अब्बासी फौजेने शहर जमीनदोस्त केलं, मशीद तेवढी ठेवली. मंडळी माना डोलवत होती, अर्धी व्हॉट्सॲपवर.

निघताना डोकी मोजली. पस्तीस.

कऱ्हाडकडचे एक काका-काकू होते. काका सत्तरी ओलांडलेले, गवंडीकामापासून सुरुवात करून पुढे बांधकामाचे ठेकेदार झालेले. पाच दिवसांत त्यांनी "चहा हाय का?" याखेरीज तोंड उघडलं नव्हतं, बोलायचं खातं काकूंकडे. मी घाबरलो. या मशिदीच्या मूळ भिंतीभोवती तीन बाजूंनी आणखी एक मोकळा पट्टा आहे, मग बाहेरची भिंत. सगळं मिळून सहा एकरांवर. माणूस हरवायला भरपूर. काकू मात्र निवांत होत्या. "बघा, कुठंतरी भिंत चाचपत आसत्याल."

तस्सेच होते. लांबच्या ओवरीत एका खांबावर तळहात टेकून वर बघत उभे.

"काका, बस थांबलीय."

"थांबू द्या. ह्यो खांब दगडाचा न्हाई. वीट हाय. वरनं गिलावा."

खरंच होतं. मी इतक्या वेळा येऊन 'खांब' म्हणत आलो, पण ते गोल खांब नव्हेतच, विटांचे लांबट चौकोनी जाडजूड ठोकळे. चारही कोपऱ्यांना विटांचेच बारीक खांब काढलेत, नुसते दिसायला. काकांनी बोट वर केलं. दोन मोठ्या कमानींच्या मधे, बरोब्बर खांबाच्या डोक्यावर, एक छोटी टोकदार कमान उघडी सोडलेली आहे. "त्ये भोक उगं न्हाई ठेवल्यालं. तिथं भराव भरला आस्ता तर खांबावर फुकटचं वजन. आन वारं बी खेळतंय." मग कमानीच्या पोटातली नक्षी दाखवली. "ह्ये साच्यातलं न्हाई. हातानं कोरलंय. दोन पानं सारकी न्हाईत बघा." मी बघितली. नव्हती सारखी.

तोवर गाइडही आली. तिला वाटलं काकांची तब्येत बिघडली. मी सांगितलं, काका परीक्षण करतायत. तिने हसून एक जुनी गोष्ट सांगितली, मी मराठीत उलथवत गेलो. मक्रीझी नावाच्या इतिहासकाराने ती लिहून ठेवलीय. इब्न तुलूनला म्हणे अशी इमारत हवी होती की इजिप्त जळालं तरी ती उरावी आणि बुडालं तरी उरावी. कुणी सांगितलं, मग चुना, राख आणि पक्की लाल वीट वापरा. संगमरवरी खांब आगीत टिकत नाहीत. शिवाय खांब लागणार होते तीनशे, आणि ते आणायचे तर चर्च मोडावी लागणार. तेव्हा तुरुंगातल्या एका ख्रिस्ती बांधकाम्याने निरोप धाडला, मी खांबांशिवाय बांधून देतो, किब्ल्याकडचे, म्हणजे मक्केच्या दिशेचे दोन तेवढे सोडून. कातडी मागवून त्यावर त्याने नकाशा काढून दाखवला.

"तुरुंगात कशापायी?" काकांचा प्रश्न.

त्याने आधी राजासाठी पाणीपुरवठ्याचं काम केलं होतं. राजा पाहणीला आला, घोड्याचा पाय ओल्या चुन्यात रुतला, घोडा अडखळला. घातपाताचा संशय घेऊन फटके आणि कैद.

काका भडकलेच. "ओल्या चुन्यावर घोडा घातला कुणी? चूक मालकाची, आन आत गवंडी!" मग जरा थांबून, "आमच्याकडंबी स्लॅब टाकला की दुसऱ्या दिशी मालक वर चढून नाचतोय."

गाइडला हे इंग्रजीत सांगितलं तर तिला हसू आवरेना.

मग काका मिहराबकडे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याकडे गेले, दोन खांब बघायला. मोजले. "चार हाईत." खरंच चार होते, एकेका बाजूला दोन, वर टोपल्यांसारखी विणलेली शीर्षं. काकांचा कथेवरचा विश्वास तिथे संपला, इमारतीवरचा मात्र नाही. जिन्याचा मिनार त्यांनी लांबूनच बघितला. जिना बाहेरून गुंडाळलेला, सामर्राच्या मिनारासारखा, पण हा दगडी. "वेगळ्या हाताचं काम," एवढंच म्हणाले. आज उभा आहे तो 1296 मध्ये सुलतान लाजीनने केलेल्या दुरुस्तीतला, असं बरेच अभ्यासक मानतात. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

बसमध्ये चाळीस मिनिटांच्या उशिराबद्दल शिव्या खाल्ल्या. काका खिडकीशी बसले, परत गप्प.

दुसऱ्या दिवशी गिझाला पिरॅमिडसमोर सगळे उंटावर चढत होते. मी मुद्दाम विचारलं, "काका, कसं वाटलं?"

"हं. दगड हाय," ते म्हणाले आणि सावली शोधायला गेले.