पाण्यावरची वाट

मराठीत आपण माणसाची वाट पाहतो, म्हणजे तो ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे डोळे लावून बसतो. वडिलांना यायला उशीर झाला की माझी आई गॅलरीत येऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीकडे पाहत उभी राहायची, कारण वडील तिथूनच वळत असत. समुद्राला असा कोपरा नसतो. मग कोळ्याच्या बायकोने पाहायचे तरी कुठे, हा प्रश्न मला सीनू रामसामी यांचा ‘नीरपरवै’ पाहताना पडला आणि अजून सुटलेला नाही.

हा २०१२ सालचा तमिळ चित्रपट. नीर हा शब्द आपलाही आहे आणि परवै म्हणजे पक्षी. माझे तमिळ एवढ्यावरच संपत असल्याने बाकी सारी भिस्त खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवर होती. गोष्ट तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मच्छीमारांची आहे. लहानपणी समुद्रात सापडलेला आणि पुढे दारूपायी वाया गेलेला अरुळप्पसामी एस्तरच्या प्रेमात पडून सावरतो, उदुमान गनी नावाच्या मुसलमान कारागिराकडून नाव बांधून घेतो, आणि संसार कुठे मार्गी लागतो न लागतो तोच समुद्रात गोळीला बळी पडतो. दारूचे प्रसंग मला जरा लांबलेले वाटले. पण सरण्या पोन्वण्णन आणि ‘पू’ रामू यांनी उभे केलेले आईवडील पडद्यावर आले की तक्रार विसरायला होते.

तो ज्या समुद्रात मरतो, तिथे भारत आणि श्रीलंका यांच्यातली हद्द नकाशावरच दिसते, पाण्यात नाही. १९७४ च्या करारात कच्चतीवू बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले. त्या बेटावर संत अंतोनीचे चर्च आहे आणि त्याच्या जत्रेला दोन्ही किनाऱ्यांवरची माणसे जमतात. पण जत्रेचे दिवस सरले की तीच माणसे पुन्हा हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची होतात. व्यर्थ खटाटोपाला आपण पाण्यावर रेघ ओढणे म्हणतो; ही रेघ मात्र व्यर्थ जात नाही, माणूस घेऊन जाते. आपल्या पालघरकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि अशाच दुसऱ्या एका रेघेपायी कराचीच्या तुरुंगात अडकतात. त्यांच्या बायकांना निदान नजर लावायला एक गाव तरी असते.

एस्तरला तेही नाही, असे आपल्याला वाटते. पंचवीस वर्षांनंतरची एस्तर नंदिता दास यांनी साकारली आहे. मुलगा घर विकायचे म्हणतो, पण समुद्रावर गेलेला नवरा परत येईल या एका कारणावर ती घर सोडायला तयार होत नाही. आणि मग एके दिवशी मुलाला घराच्या जमिनीतच सांगाडा सापडतो. नवरा कधीच घरी आलेला असतो. त्याला तिथेच गुपचूप पुरलेले असते. म्हणजे ही बाई इतकी वर्षे वाट पाहत नव्हती, राखण करत होती, आणि गावाला संशय येऊ नये म्हणून समुद्राकडे तोंड करून बसत होती. पण पंचवीस वर्षे वाट पाहण्याचे सोंग केल्यावर त्यातले सोंग कितीसे उरत असेल? भरतीच्या वेळी लांबवर एखादे शीड दिसले, तर तिच्याही छातीत क्षणभर काही हलत असेल, असे मला वाटते.

चित्रपट जे दाखवत नाही, तेच माझ्या मनातून जात नाही. त्या खोलीत ती झाडू कसा मारत असेल, पाहुण्यांना चटई नेमकी कुठे अंथरून देत असेल, पावसाळ्यात जमिनीला ओल आली की रात्री उठून हाताने चाचपून पाहत असेल का? आणि मुलगा रांगायला लागला तेव्हा त्या जागेवरून त्याला ती दर वेळी उचलून घेत असेल, की मुद्दामच तिथे खेळू देत असेल?