वॉश वाळेपर्यंत

बेळगावात जलरंग करणाऱ्यानं आधी आभाळ बघावं, मग पॅलेट उघडावं. जुलैत खानापूरच्या बाजूला कागदावर मारलेला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग हात, तासभर ओलाच. घाईनं झाड काढावं तर ते ढगात फुटतं. एप्रिलात अथणीकडं गेलात तर ब्रश खालपर्यंत येईतो वर वाळून कड उमटलेली. जिल्हा एकच, बरं का. त्यामुळं ‘जागेवर बसून, एका बैठकीत’ हा मंत्र कुणी दिला की मी हल्ली नुसती मान हलवतो.

गाव तसं चित्रकारांचं. के. बी. कुलकर्णी सरांनी इथं पिढ्या घडवल्या. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. अशा गावात ‘मी लँडस्केप घरी बसून करतो’ म्हणायला जरा कोडगेपणाच लागतो.

बाहेर मी जातो, पण रंग न घेता. येळ्ळूरच्या रस्त्याला स्कूटर लावायची, राजहंसगडाकडं तोंड करायचं आणि खिशातल्या वहीत तळहाताएवढी चौकट आखायची. मऊ पेन्सिल, टोन तीनच: कोरा कागद, मधला, काळा. रंग लावायचे नाहीत, लिहायचे. ‘बांध तांबडा, ओला.’ ‘भात पिवळट, निळा घालू नको.’ ‘गडाचा पायथा धुक्यात, कड नको.’ एकदा शेतातले आण्णा बराच वेळ मागं उभे होते. म्हणाले, “फोटो काढ की सरळ. काय लिहायलास एवढं?” फोटोही काढतो. पण फोटोत सगळंच येतं, विजेच्या तारांसकट. वहीत मी बघितलं तेवढंच येतं, आणि चित्राला तेवढंच पुरतं.

यात नवं काही नाही. १८१९ मध्ये रोमला इंग्रज चित्रकार टर्नरला कुणीतरी बाहेर रंगवायचा आग्रह केला, तेव्हा एक रंगवेपर्यंत आपली पंधरा-सोळा पेन्सिल स्केचेस होतात, असं तो म्हणाल्याचं त्या वेळच्या एका पत्रात आहे. हे कळल्यापासून माझा कोडगेपणा वाढला.

रंगकाम दुसऱ्या दिवशी, पहाटे. ३०० जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, दोन कागद शेजारी-शेजारी, चित्रं वेगळी. एकाचा वॉश वाळेपर्यंत दुसऱ्यावर हात. काहीजण हेअर ड्रायर फिरवतात; मला तो आवाज सोसत नाही, शिवाय ओला रंग वाऱ्यानं भलतीकडं पळतो. पावसाळी करड्यासाठी अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी. हा करडा वाळला की फिका पडतो, म्हणून लावताना नजरेला जरा जास्तच वाटेल इतका गडद ठेवायचा. हे हाताला पटायला वेळ लागतो.

पण माझ्या पद्धतीचा खरा कणा कागद नाही की रंगही नाही. तो आहे आमचं जेवणाचं टेबल. पोरांच्या डब्याची गडबड सुरू व्हायच्या आत ते रिकामं पाहिजे, हा घरचा हुकूम. त्यामुळं ‘अजून एक हात फिरवू’ या खाजेला वावच राहत नाही. शेवटचा काळा टोन, तोही चार ठिकाणी, की पाणी मोरीत. जलरंग मरतो तो जास्त केल्यानंच.

रविवारी सवलत असते, टेबल दुपारपर्यंत माझं. रविवारची चित्रं हमखास मळकी होतात.