पंप नसलेलं झाड

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी कूलरचा पंप गेला. मेकॅनिकने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "खारं पाणी आहे न भाऊ, जाम होऊन राह्यला. नवाच टाका." नवा उद्या मिळणार होता. तोवर मगाने कूलरच्या ताट्यांवर पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं.

ओतता ओतता अंगणातल्या कडुनिंबाकडे लक्ष गेलं. पारा ४५ च्या वर, आणि हा दुमजली घराच्याही वर हिरवागार. माझ्या पंपाला दोन-अडीच फूट पाणी चढवायला वीज लागते. याच्याकडे मोटर नाही, तरी पाणी शेंड्यापर्यंत पोचतं.

काटोलकडच्या बागेत मामांचा पंप विहिरीत, पाण्याजवळ बसवलेला आहे. वरून ओढायचं म्हटलं तर दहा मीटरच्या पुढे कोणताच पंप पाणी खेचत नाही, कारण ते वर ढकलणाऱ्या हवेचा जोरच तेवढा. झाडाची तऱ्हा वेगळी. पानांच्या बारीक रंध्रांतून वाफ जाते, रिकाम्या जागी मागचं पाणी सरकतं, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापर्यंतची अख्खी धार ताणली जाते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हे मांडलं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं १०० पैकी ९५ हून जास्त असंच उडून जातं. म्हणजे कडुनिंबही कूलरच. फक्त त्याचं उडणारं पाणीच पंपाचं काम करतं. ज्या जलवाहिन्यांतून ते चढतं, त्यांच्या पेशी तर केव्हाच मेलेल्या असतात. मला हे जरा अन्यायाचंच वाटलं. आमचं सगळं जिवंत, म्हणून तर बिघडतं! बाबांचा पंप दिवसाला लाखभर ठोके मारून तेच पाचेक लिटर रक्त फिरवतो आहे, चौऱ्याहत्तर वर्षं, आणि त्याच्या बाबतीत "नवाच टाका" म्हणायची सोय नाही.

मग खोडावरची तार दिसली. कपडे वाळवायला आईने कधीतरी बांधलेली. झाड जाड होत गेलं, तार तिथंच. तारेच्या वर साल फुगून गळ्याला आवाळू आल्यासारखी झाली होती, खाली मात्र खोड बारीक. पाणी आतल्या लाकडातून चढतं, ते चालूच होतं. पण पानांनी तयार केलेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून उतरते, ती तारेपाशी अडून तुंबली होती. संत्र्याला डिंक्या रोग लागला की मामा याच धास्तीने बुरशी मारणाऱ्या बोर्डो मलमाचा डबा काढतात: साल सडते, मुळं उपाशी राहतात आणि वर पानं बरेच दिवस हिरवी दिसतात. माणूस फसतो तो तिथंच.

पक्कड आणून तार कापली. रुतलेला तुकडा तसाच ठेवला. ओढला असता तर साल सोलून निघाली असती.

आई बादली घेऊन दारात उभी. "मंग कपडे कुठं वाळू घालू आता?"

फाटकावर टाकले. मी ताट्यांवर चार मग ओतून परत येईपर्यंत बाबांचा बनियन कडक वाळला होता.