तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना शिकवून मला काय मिळतं

"पोरं तयार करता आणि चार पैसे जास्त मिळाले की ती उडून जातात. तुमच्या हाती काय लागतं?" शेठ विचारतात, टपरीवर शेजारच्या गाळ्याचे इन्चार्ज विचारतात, परवा साडूनंही विचारलं. एकदा सांगून टाकतो.

मी समाजसेवा करत नाही. भोसरीत मशीन शॉप सांभाळतो आणि मला झोप प्यारी आहे. आमच्याकडे नियम होता, ऑपरेटरनं ऑफसेटला, म्हणजे मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापाच्या दुरुस्तीला, हात लावायचा नाही. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक मोठं करणाऱ्या टूलचा कापणारा तुकडा, झिजतो, बोअर, म्हणजे ते भोक, हळूहळू लहान येऊ लागतो, ऑपरेटरला ते दिसत असतं, पण अधिकार नाही म्हणून रात्री दोनला फोन मला. आता पोरं मापाचा कल बघून स्वतःच ऑफसेट देतात. फोन वाजत नाही. या जास्तीच्या जबाबदारीचे त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत, हेही सांगतो, नाहीतर तुम्हीच विचाराल.

लातूरकडचा एक पोरगा होता, आयटीआय करून आलेला. टूल जॉबवर, म्हणजे मशीनवर लावलेल्या पार्टवर, टेकवताना मध्ये कागदाची पट्टी धरायची, ती अडकली की थांबायचं. नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबत, आणि रॅपिड, म्हणजे टूलची न कापतानाची धाव, पंचवीस टक्क्यांवर ठेवून चालवायचा. सगळं शेजारी उभं राहून शिकवलं. एका मे महिन्यात तो म्हणाला, "सर, दुपारी मशीनवर पास झालेला बोअर सकाळी क्वालिटीवाले लहान का म्हणतात?" स्टीलचा 100 मिलिमीटरचा बोअर 10 अंशांनी तापला तर 11-12 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारावे भाग, फुगतो, आणि माप धरायचं 20 अंशांना. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण भोसरीच्या उन्हाळ्यात 20 अंश असतात फक्त क्वालिटीच्या एसी खोलीत! त्याच्या प्रश्नामुळं आम्ही जॉब निववून मापायला लागलो, मापाचा गेज ज्यावर जुळवतात ती रिंग मशीनजवळ ठेवली. रिजेक्शन उतरलं. शाबासकी कोणाला मिळाली? मला. आता सांगा, माझ्या हाती काहीच लागलं नाही?

तोच पोरगा ऐन डिस्पॅचच्या आठवड्यात राजीनामा घेऊन आला. शेठनी केबिनमध्ये त्याच्यासमोरच मला सुनावलं, "तुम्ही इन्चार्ज आहात की क्लास काढलाय?" मी गप्प. पगारासाठी गेला याचं काही नाही, मीही तसाच कंपन्या बदलत आलोय. पण आमच्याकडे लागतही नाही ते मॅक्रो प्रोग्रॅमिंग, म्हणजे आकडे बदलले की एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या मापांना चालवायची पद्धत, तो कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून समजून घेत होता. कशासाठी, ते त्या दिवशी कळलं. चाकणच्या मुलाखतीसाठी. बाहेर येऊन तो पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतला. अजून आठवलं की कसंतरी होतं, आणि अजूनही वाटतं, आधी सांगायला काय झालं होतं?

त्यानंतर ठरवलं, बास, आता कोणाला काही शिकवायचं नाही. त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडतो. मी म्हणतो, रात्रीचे फोन परत सुरू झाले ना? तो म्हणतो, झाले, पण मला कोणी काढू शकत नव्हतं. बरोबर आहे. मी म्हणतो, तुला वरही कोणी नेऊ शकत नव्हतं. नव्या कामाच्या कोटेशनला शेठ बोलवायचे आणि तू सेटिंगवर अडकलेला. तो म्हणतो, वर जाऊन काय, शिव्याच खायच्या ना? इथं माझं तोंड बंद होतं.

मग परत शिकवायला लागलो. मन मोठं झालं म्हणून नाही. रजा हवी होती.

आमच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता आहे, प्रत्येकाच्या नावापुढं चार भागांचा गोल. चौथा भाग भरला म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटर आला की शेठ तो तक्ता कौतुकानं दाखवतात. त्यांना गोल भरलेले हवेत आणि माणसंही हललेली नकोत. सध्या नव्या पोरांकडून बॉन्ड लिहून घ्या म्हणून मागं लागलेत. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.