तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कारखान्यात वित्तप्रमुख व्हायचंय, सुरुवात कुठून?

"घरचाच कारखाना आहे, कॉमर्स झालंय, पुढे वित्तप्रमुख व्हायचंय. सुरुवात कुठून करू?" मुली विचारतात, सुना विचारतात, आणि मनात बहुतेक वेळा असतं ते हे, की आता कोणती पदवी घेऊ. पदवी घ्याच, उपयोग होतो. पण कामाची सुरुवात अकाउंट्समधून नको, स्टोअरमधून, म्हणजे कच्चा माल येतो-जातो त्या कोठारातून करा. किमान सहा महिने.

घरची बाई विश्वासाची, म्हणून पगारवाटप, किरकोळ खर्च आणि चेकबुकाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे लगेच येते. दर ठरवणं, यंत्र घेणं, बँकेत जाऊन बसणं मात्र भावाकडे नाहीतर दिराकडे राहतं. मग दहा वर्षं चोख हिशेब ठेवला तरी त्या टेबलावरून उठता येत नाही. झालेला खर्च लिहिणाऱ्याला कुणी खर्चाआधी विचारत नाही हो.

स्टोअरमध्ये काय दिसतं? धातूचा ६ मीटरचा बार, म्हणजे सळई घ्या. त्यातून २७० मिमीचे तुकडे कापायचेत. ६००० भागिले २७०, म्हणजे २२ तुकडे आणि वर ६० मिमी शिल्लक. कॉस्टिंगच्या तक्त्यात हाच २२ चा आकडा बसलेला असतो. आता करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३ मिमी खातं असं धरा. २२ तुकड्यांना २१ काप, म्हणजे ६३ मिमी. लागले ६००३, बार ६००० चा. तीन मिलिमीटरसाठी बाविसावा तुकडा गेला आणि २६७ मिमीचा एंडपीस भंगारात पडला. २२,००० नगांच्या ऑर्डरला कागदावर १,००० बार पुरतात, प्रत्यक्षात १,०४८ लागतात. वर्षअखेरीला हे ४८ बार 'स्टॉकमधला फरक' म्हणून निघतात, स्टोअरकीपरवर संशय जातो, आणि पुढचं कोटेशन परत २२ धरूनच पाठवलं जातं. हे ज्या बाईने शोधून दाखवलं, तिला पुढच्या कोटेशनच्या वेळी बोलावतात. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला गेलेला माल परत आला का, आलेल्या मालाचं बिल चढलं का, रिजेक्ट माल चांगल्याच भावाने पुस्तकात बसलाय का, हेही तिथेच उभं राहून कळतं.

मग रोकड. "नफा दिसतोय, पैसे कुठे गेले?" हा घरोघरचा सवाल, आणि त्याचं उत्तर दिवसांत द्यायचं असतं. समजा, कच्चा माल ४५ दिवस पडून, यंत्रांवर २०, तयार माल गोदामात १५, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ७५ दिवसांनी. झाले १५५. पुरवठादार ४० दिवस थांबतो. राहिलेले ११५ दिवस कारखाना आपल्या नाहीतर बँकेच्या पैशावर चालतो. विक्री वाढली की हा खड्डाही वाढतो, हे घरातल्या मोठ्यांना पटवायला मात्र वेळ लागतो.

त्यासाठी १३ आठवड्यांचा रोकड तक्ता ठेवा. एका रकान्यात एक आठवडा: सुरुवातीची शिल्लक, येणं, जाणं, अखेरची शिल्लक. पगार, हप्ते, कर यांच्या तारखा ठरलेल्याच असतात, त्यामुळे चूक सहसा येण्यात होते. विक्रीवाले बिलावरची मुदत सांगतात. ती धरू नका. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाची मागची सहा बिलं काढा, पैसे खरोखर किती दिवसांनी आले ते बघा आणि तेच धरा. दर शुक्रवारी अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी मांडा, संपलेला आठवडा काढा, शेवटी नवा जोडा. काही महिने हे नेटाने केलंत की "सातव्या आठवड्यात पगाराला कमी पडणार" असं आज सांगता येतं. ते एकदा खरं ठरलं की बँकेच्या बैठकीला तुम्हाला सोडून जाणं त्यांनाच अवघड होतं.

बँकेत गेल्यावर एक गोष्ट अडवाच: ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे शिल्लक नसतानाही बँक ठरलेल्या लिमिटपर्यंत काढू देते त्या पैशातून, यंत्र घेणं. यंत्राचे पैसे सुटायला वर्षं लागतात, आणि तोवर कच्च्या मालाची लिमिट त्यात अडकून बसते. यंत्राला मुदतकर्जच हवं.

घरखर्चाचा विषय नाजूक आहे. घरची गाडी, शाळेची फी, कुणाचा तरी प्रवास, सगळं कंपनीतून जातं. भांडू नका. प्रत्येक घराच्या नावाने वेगळं उचल खातं उघडा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सगळ्यांची उचल एकाच कागदावर सगळ्यांना द्या, सासरेबुवांचीही, तुमची स्वतःचीही. कुणाला टोकावं लागत नाही.

राहिली सही. किती रकमेपर्यंत कुणाची सही चालेल हे संचालकांच्या ठरावात लिहून घ्या. पेमेंट तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच नको. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं आजपासून बंद, घाई कितीही असो. आणि संचालक म्हणून नाव घालताना बँकेच्या कागदांत वैयक्तिक हमी (कंपनीने कर्ज फेडलं नाही तर मी फेडेन, अशी) पुढे सरकवली, तर ती घरी नेऊन वाचा: रक्कम मर्यादित आहे का, पुढच्या कर्जांनाही लागू आहे का. पद सोडलं म्हणून ती हमी आपोआप सुटत नाही. बँकेकडून लेखी मुक्तता मागून घ्यावी लागते.