उट्रेख्त, बाबा आणि माशांची बेल

शनिवार, एप्रिल. रात्री उशिरा.

आज नेदरलँड्समधलं उट्रेख्त झालं. अ‍ॅम्स्टरडॅमचे कालवे बाबांना फारसे भावले नव्हते, हे मागच्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. बोटीतले सगळे माना वर करून घरांचे निमुळते माथे बघत होते आणि बाबा काठाच्या भिंतीवर पाण्याची खूण शोधत होते. "छान आहे, पण सगळं एका पातळीत आहे गं," एवढाच शेरा. उभी नोकरी नाशिकला इरिगेशनमध्ये गेली त्यांची. (खात्याचं नाव बदलून जलसंपदा झालं, बाबांच्या तोंडी अजून इरिगेशनच.) वाहतं पाणी दिसलं की ते कुठून आलं आणि कुठं चाललंय, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. म्हणून आज मुद्दाम उट्रेख्त.

अ‍ॅमस्टलव्हेनहून म्हणजे आमच्या घरून सकाळी निघालो. आईने रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. बाहेर दहा-बारा युरोला ब्रेडचे दोन तुकडे मिळतात, हे तिला कळल्यापासून डबा सक्तीचा झालाय. उट्रेख्तच्या स्टेशनात 12,500 सायकली मावतात असं तळघर आहे. लेकीला तिथून हलवायला वेळ लागला. तिथून मॉलमधून बाहेर.

आउदेग्राख्त म्हणजे तिथला मुख्य जुना कालवा. पुलावर उभं राहिलं की पाणी रस्त्याच्या बरंच खाली दिसतं, चांगलं एक मजला खाली. पाण्यालगत दोन्ही बाजूंना फरसबंदी धक्के आहेत आणि धक्क्यावर कमानीची दारं. ही दारं तळघरांची, आणि तळघरं रस्त्याच्या पोटातून थेट समोरच्या घराखाली जातात. आता तिथे हॉटेलं, कुणाचं ऑफिस, कुणाची राहती जागा. बाबा कठड्याला टेकले ते हलेनातच. "रस्ता पोकळ आहे हा! याच्यावरून ट्रक गेला तर?"

जात नाही. जड वाहनांना बंदी आहे, आणि हॉटेलांचा माल, बिअरची पिंपं वगैरे, विजेवर चालणारी बोट घेऊन येते. नशिबाने ती बोट समोरूनच गेली, नाहीतर बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

पण पाणी इतकं खाली का? हे मी आधी वाचून ठेवलं होतं (बाबांसोबत जायचं म्हणजे गृहपाठ लागतो). इथून पूर्वी ऱ्हाइन नदी वाहायची. 1122 मध्ये वरच्या अंगाला, वाइक बाय ड्यूरस्टेडे इथे, तिच्यावर बांध घातला गेला. इथलं पाणी उतरलं आणि चढउतारही थांबले. मग उंच काठ आणि खाली पाणी यांच्यामध्ये जी जागा मोकळी झाली, तिथे व्यापाऱ्यांनी धक्के बांधले आणि घराच्या तळघरातून धक्क्यापर्यंत वाट खणली. होडीतला माल उचलायचा, सरळ तळघरात. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे धरण वरच्यांनी बांधलं आणि खालच्यांनी रडत न बसता त्यातून धंदा काढला. आपल्याकडे मोर्चा आला असता." आई म्हणाली, "तुमच्याकडे आलेले मोर्चे तुमच्यामुळेच यायचे." धक्क्यावर बसून दशम्या खाल्ल्या. समोर बदकांची रांग, शेजारी एका डच बाईने चटणीचा वास घेऊन हसून मान डोलावली.

डोम टॉवरचं मी थोडक्यात लिहिते. 112 मीटर, 465 पायऱ्या, देशातला सर्वांत उंच चर्चचा मनोरा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तो परांचीत गुंडाळलेला होता, 2024 मध्ये दुरुस्ती संपली. लेक आणि नवरा गाईडबरोबर वर गेले. आईचे गुडघे आणि माझा आळस, आम्ही खाली. खरी गंमत खालीच आहे म्हणा: मनोरा एकीकडे, चर्च दुसरीकडे आणि मधे मोकळा चौक. मधला भाग 1 ऑगस्ट 1674 च्या वादळात कोसळला. पैसे पुरले नाहीत म्हणून तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा हलका बांधला होता. त्याचा ढिगारा दीडशे वर्षं तिथेच पडून होता. पडलेल्या भिंतीची रेघ आता फरशीत आखलीय. बाबांनी ती पावलांनी मोजली आणि "कंत्राटदार सगळीकडे सारखेच" असं जाहीर केलं. आई तोवर शेजारच्या मठाच्या बागेत एकेका झुडपाचं पान चुरगळून वास घेत होती. तिथून तिला उठवणंही अवघडच गेलं.

शनिवार म्हणून फुलांचा बाजार भरला होता. ट्युलिप, ट्युलिप, ट्युलिप. आईने भाव विचारले, रुपये केले, आणि दोन जुड्या घेतल्याच. लेकीला सिग्नलवरची मिफी, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकातली सशीण, बघायची होती: लाल उभी, हिरवी चालणारी, सशाच्या आकाराचे दिवे. मिफीचा चित्रकार डिक ब्रुना याच गावचा. आम्ही तो रस्ता विनाकारण तीनदा ओलांडला.

मग काथराइनेसिंगेल. प्रवासी इथे फारसे फोटो काढत नाहीत. दोन्ही बाजूंना गवत, बाक, वल्ही मारणारी चार पोरं. पाणी पुढे सकाळच्या त्याच मॉलच्या खालून जातं. गावाभोवतीचा हा जुना खंदक. 1970च्या आसपास त्याचा एक मोठा भाग बुजवून तिथे मोटाररस्ता केला, खोलगट, कित्येक लेनचा. गाड्यांचा जमाना, सगळ्यांना तेच शहाणपण वाटलं असणार. पुढे 2002 मध्ये गावात मत घेतलं, लोकांनी पाणी परत हवं म्हणून कौल दिला, आणि रस्ता उखडून सप्टेंबर 2020 मध्ये पाण्याचं कडं पुन्हा पूर्ण झालं. मला विचाराल तर आउदेग्राख्तपेक्षा हाच कालवा बघायला गावात यावं. तिकडचं सौंदर्य आठशे वर्षांनी आपोआप साठत गेलंय. हे मात्र हयात असलेल्या माणसांनी, चालू रस्ता मोडून, पैसे मोजून परत आणलंय.

बाबा बाकावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम, "सरस्वती नाला असा उघडता आला असता." नाशिकच्या सराफ बाजाराखालून गेलेला. पावसाळ्यात दुकानांत पाणी शिरलं की बातमी येते, ती वाचून ते दरवर्षी पेपर आपटतात. "आता वर दुकानं आहेत, बाबा." "इथे काय होतं वर? गाड्याच होत्या ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं: पैसा, जागा, कोर्ट, मालकी. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नसतं, आणि माझंही झालं नाही.

शेवटी वेर्डस्लाउस. ट्युलिपच्या जुड्या सांभाळत आई कुरकुरत होती, पण हे बाबांसाठी राखून ठेवलेलं होतं. आउदेग्राख्त उत्तरेला फेख्त नदीला मिळतो तिथे हे लॉक आहे, म्हणजे बोटींना एका पातळीतून दुसरीत नेणारी पाण्याची दारं, हाताने चालवायची. वसंतात मासे अंडी घालायला नदीतून गावाच्या पलीकडच्या उथळ पाण्याकडे निघतात. याच दिवसांत बोटी कमी, म्हणून दार बंद. मासे दारापाशी खोळंबून राहतात आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. म्हणून 2021 पासून पाण्याखाली कॅमेरा लावलाय. जगात कुणीही घरबसल्या बघायचं, मासा दिसला की पडद्यावरची बेल दाबायची. फोटो जातो, पुरेसे मासे जमले की लॉकवरचा माणूस दार उघडतो.

बाबांनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, टेलच्या शेतकऱ्याला अशी बेल हवी होती! बिचारे आवर्तनाच्या वेळी रात्री-बेरात्री पाटकऱ्याचं दार वाजवायचे." (टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आवर्तन म्हणजे पाणी सोडायची पाळी, आणि पाटकरी ते शेतांना वाटणारा.) एकदा तर एक जण थेट आमच्या घरी आला होता, हे आईने आठवून दिलं, चारीला, म्हणजे शेताकडच्या छोट्या पाटाला, पाणीच आलं नाही म्हणून. पहाटे तीनला तिने त्याला चहा केला होता. "दार उघडलं होतं का मग?" लेकीने विचारलं. "कुठलं?" बाबा. "पाण्याचं, आजोबा!" "उघडलं. पण त्याचा ऊस तोवर वाळला होता निम्मा."

परतीच्या गाडीत बाबांनी माझा फोन ताब्यात घेतला. पडद्यावर नुसतं हिरवट गढूळ पाणी. एकदा काहीतरी सरकलं; बाबांनी बेल दाबली, आई म्हणाली पान होतं, बाबा म्हणाले शेपूट स्पष्ट दिसली. हा वाद घरी येईपर्यंत चालला, जेवतानाही चालला.

जेवण झाल्यावर त्यांनी ती लिंक सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर टाकली, खाली भलामोठा मजकूर लिहून, एका बोटाने. नाशिकला मध्यरात्र उलटून गेली होती, तरी त्यांच्यातला एक जण जागा निघाला. एवढं सगळं वाचून त्याने फक्त एक प्रश्न पाठवला: "विसर्ग किती?"

बाबा आता माझ्या लॅपटॉपवर तोच आकडा शोधतायत. मी झोपायला चालले.