वेदीपुढे ठेवलेले दान

स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मला सर्वांत आधी आठवीतली एक प्रार्थनासभा आठवली. आदल्या दिवशी आमच्या एका शिक्षकांनी मला वर्गासमोर खोटारडा म्हटले होते. मी उत्तरे कोणाची पाहून लिहिली नव्हती, पण त्यांचा तसा पक्का समज झाला होता. त्या सकाळी शास्त्रपाठ वाचण्याची पाळी त्यांचीच होती. त्यांनी पवित्र शास्त्र उघडले, लाल फीत पानावर सरळ केली, क्षणभर थांबले आणि पुस्तक तसेच उघडे ठेवून व्यासपीठावरून उतरून आमच्या रांगेपाशी आले. “काल मी तुझ्यावर अन्याय केला, मला क्षमा कर,” असे ते सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, कारण आरोपही सर्वांदेखत झाला होता. मग वर जाऊन त्यांनी वाचन पूर्ण केले.

त्यांनी काय केले, हे पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाची २३ व २४ ही वचने वाचताना उमगले. दान घेऊन वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू सांगतो. ज्या गालीलात हे शब्द उच्चारले गेले, तेथून यरुशलेमची वेदी पायी काही दिवसांच्या अंतरावर होती. म्हणजे परत जाऊन समेट करून पुन्हा वेदीशी येणे हा केवढा प्रवास! इतके करूनही उपासना अडली नाही, उलट ती तेथूनच सुरू झाली, असे मी मानतो.

मी २२ वर्षे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात काम करतो. शस्त्रक्रियेच्या कात्रीचा सांधा उघडून ब्रशने घासावा लागतो, कारण तेथे रक्त वाळून राहिले तर ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातील १२१ अंशांची वाफही भरवशाची राहत नाही. तो सांधा कोणी घासला, हे रुग्णाला कधीच कळत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमाच्या ३१व्या प्रकरणात कोठार सांभाळणाऱ्याला सांगितले आहे की, मठातील सारी भांडी त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. हिब्रू भाषेत तर शेतातले काम आणि मंदिरातली सेवा या दोहोंसाठी ‘अवोदा’ हा एकच शब्द आहे; आपला ‘सेवा’ हा शब्दही त्याच्या फार जवळचा आहे. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपली शरीरेच जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगितली, ती माझ्या बाबतीत या पाण्यात भिजलेल्या हातांपासून सुरू होतात.

गेल्या वर्षी एका कात्रीच्या सांध्यात डाग राहिला. मी सर्वांसमोर एका नवख्या सहकाऱ्याला फैलावर घेतले. नंतर नोंदवही पाहिली, तर तो संच माझ्याच हातून गेला होता. रविवारी उपासनेला निघालो आणि अर्ध्या वाटेतून वळून त्याच्या घरी गेलो. रात्रपाळी करून झोपलेला तो डोळे चोळत दारात आला. मी मंदिरात पोहोचलो तेव्हा मंडळी दुसरे गीत गात होती. सोमवारी विभागात सारे जमल्यावर तेच शब्द मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो.